वय वर्षे ६६, मॉडेल रेल्वेत नवी. कुठून सुरुवात करू?

गार्डाची_लेक | ४ जानेवारी, सकाळी १०.१५

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, लिहिते आहे ती आज पहिल्यांदा. सोलापूर जिल्ह्यात ३४ वर्षं गणित शिकवलं. निवृत्तीनंतर पुण्यात मुलाकडे असते. माझे वडील कुर्डुवाडीला बार्शी लाइनच्या नॅरोगेजवर (अरुंद रुळांवर) गार्ड होते.

गेल्याच्या आदल्या दिवाळीत नातवाला त्याच्या आत्यानं ट्रेनचा सेट आणला. HO स्केलचा (खऱ्याच्या १ ला ८७), गोल रूळ, एक इंजिन, तीन डबे. तो आठवडाभर खेळला आणि मग सेट माझ्या पलंगाखाली आला. एका दुपारी घरात कुणी नव्हतं तेव्हा मी तो काढला, फरशीवर रूळ जोडले आणि गाडी सोडली. गाल फरशीला टेकवून पाहिलं तर गाडी थेट समोरून येत होती, अगदी लहानपणी फलाटाच्या उतारावर बसून बघायचे तशी. त्या दिवसापासून डोक्यात दुसरं काही नाही.

मला मोठा पसारा नको आहे. कुर्डुवाडीच्या नॅरोगेज फलाटाचं एकच टोक करायचं आहे, जिथे गार्डाचा डबा उभा राहायचा. दादांची (वडिलांना आम्ही दादा म्हणायचो) काळी पत्र्याची पेटी फलाटावर, तिच्यावर गुंडाळलेल्या दोन झेंड्या आणि शेजारी रॉकेलचा हातदिवा. दिव्याच्या डोक्यावरची चकती फिरवली की आत काच बदलायची, पांढऱ्याचा हिरवा, हिरव्याचा लाल. ती फिरवायची परवानगी आठवड्यातून एकदा मिळायची, वात कापायच्या दिवशी.

अडचणी अशा. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. बोटांना हलका कंप आहे. आणि तिसरी अडचण सांगू की नको असं झालं होतं, पण सांगतेच. इथलीच सूचना वाचून ऑक्टोबरात पुण्यात एका घरी भेटीला गेले होते. पंधराएक जण, बहुतेक तिशीतले. सगळे आदरानं वागले. मला खिडकीपाशी खुर्ची दिली, चहा दिला, "आजी, तुम्ही बसा" म्हणाले. मी दोन तास बसूनच राहिले. एकानं विचारलं, नातवासाठी माहिती घ्यायला आलात का. मी हो म्हटलं आणि घरी आले. ते "हो" मला अजून बोचतंय.

तर विचारायचं हे, की या वयात सुरू करता येतं का, कुठल्या स्केलपासून करावं, आणि तुमच्यात बसायचं कसं?

चहाटपरी | सकाळी १०.३१

पहिल्यांदा लिहिताय आणि असं लिहिताय! स्वागत.

नॅरोगेज_नागपूर | सकाळी ११.०२

स्वागत ताई. सुरू करता येतं का, तर तुम्ही केलंच आहे. गाल फरशीला टेकवला तिथेच.

नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, २००२ पासून. इकडची नॅरोगेजही ७६२ मिलिमीटरचीच, म्हणजे बार्शी लाइनचाच गेज (दोन रुळांमधलं अंतर). डबे जवळून बघता येतात. कधी आलात तर मी टेप घेऊन येतो, हवी ती मापं घेऊ.

मिलिमीटर | सकाळी ११.४०

स्वागत. थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. त्या विशिष्ट ब्रेकव्हॅनचं (गार्डाच्या डब्याचं) मोजमापासहित रेखाचित्र हाती नसेल तर कामाला हात घालू नका. भारतीय मॉडेलिंगची खरी दुखरी जागा हीच आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, ८७ नं भागला तर १९.२६ यायला हवा आणि आपण सगळे १६.५ वर गाड्या चालवतो, कारण बाजारात तेवढंच मिळतं. तो रूळ मुळात १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचा. आपली प्रत्येक गाडी अरुंद पायांवर उभी आहे. निदान नॅरोगेजमध्ये तरी ही चूक नको.

कल्याण_लोकल | दुपारी १२.१५

मी वेगळं मत मांडतो. छंद महाग आहे. २०२० च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० झालं, २०२३ मध्ये ७०. बाहेरून एक इंजिन मागवलं तरी पेन्शनीवर ताण येतो. काकूंनी आधी संगणकावरचा ट्रेन सिम्युलेटर बघावा, डोळ्यांना मोठा पडदा सोपा आणि हात कापण्याचा प्रश्नच नाही. मग पुढचं ठरवावं.

हिरवी_झेंडी | दुपारी १२.२८

@कल्याण_लोकल, पंचविशीतला मुलगा पहिल्या पगारात दोन इंजिनं घेतो तेव्हा त्याला आपण सिम्युलेटर सुचवतो का? शुल्काचं बरोबर आहे, सगळ्यांनाच जाच आहे. पण त्यांनी इंजिन मागितलेलंच नाही. एक फलाट, एक डबा, एक पेटी. याला लागतं काय, तर पुठ्ठा, प्लायचा तुकडा, फेविकॉल आणि वेळ.

काकू, मी स्वतः बावन्न वर्षांची आहे, नाशिकला असते. तुमचं ते खुर्चीचं वाचून मला माझी पहिली भेट आठवली. मला सगळ्यांनी विचारलं होतं, मिस्टर आले नाहीत का.

कल्याण_लोकल | दुपारी १२.४४

मान्य, माझं चुकलं. काळजीपोटी लिहिलं होतं, पण ज्याची पेन्शन त्याचा निर्णय. काकू, क्षमस्व.

मँचेस्टरकर | दुपारी २.०५

इकडचं चित्र उलटं आहे म्हणून लिहितो. लंडनचा मॉडेल रेल्वे क्लब १९१० सालचा, छंदाला इथे शंभर वर्षांहून जास्त इतिहास आहे आणि क्लबांमध्ये बहुतेक लोक निवृत्त झालेले. मी पंचेचाळिशीचा असून मला "यंग मॅन" म्हणतात आणि जड टेबलं उचलायला मीच. ऐंशीच्या घरातले एक सभासद आहेत, हात बराच कापतो. दोन्ही कोपरं टेबलावर टेकवून, मनगटाखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवून ते काम करतात. डाग (सोल्डर) द्यायचा असेल तर वस्तू चिमट्याच्या स्टँडमध्ये अडकवायची, म्हणजे हाताला फक्त एकच काम उरतं. डोक्याला लावायचं भिंग आणि डाव्या खांद्यावरून येणारा दिवा. त्यांचे डबे आमच्या क्लबात सगळ्यात सुबक आहेत.

आणि तुमच्या लाइनचा इकडे एक धागा आहे. बार्शी लाइट रेल्वे बांधणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८९७ साली तुमची लाइन सुरू झाली आणि नंतर त्यांनीच इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही तशीच ७६२ मिलिमीटरची लाइन उभी केली, १९०४ ला. ती १९३४ ला बंद पडली, पण इकडच्या मॉडेलवाल्यांची ती फार लाडकी आहे. तिच्या डब्यांचे फोटो बघा, बार्शीची सावली दिसेल.

गार्डाची_लेक | दुपारी ४.२०

किती जणांनी लिहिलंत! कल्याणकर, राग अजिबात नाही. माझा मुलगाही हेच म्हणाला होता.

कॅलथ्रॉपचं नाव घरात ऐकलेलं आहे. दादा नोकरीला लागले तेव्हा लाइन सरकारकडे आलेली होती (१९५४), पण जुने लोक "कंपनीच्या वेळी" असंच बोलायचे. मिरजेपासून लातूरपर्यंत सव्वातीनशे किलोमीटरची लाइन, आणि तिचं सगळं दुखणंखुपणं कुर्डुवाडीच्या कारखान्यात यायचं. आमच्या घरापर्यंत त्या कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा, त्यावर आई कुकर नव्हे, भाताचं पातेलं चढवायची.

मिलिमीटर, आपण म्हणता ते पटतं म्हणून आकडेमोड करून बघितली. ७६२ ला ८७ नं भागलं तर ८.७६. बाजारात ९ मिलिमीटरचा N गेजचा (HO हून लहान स्केलचा) रूळ मिळतो. उलट गुणलं तर ९ गुणिले ८७ म्हणजे ७८३, म्हणजे २१ मिलिमीटर रुंद. ब्रिटिश OO धरलं, १ ला ७६.२, तर बरोबर १० यायला हवा आणि ९ चा रूळ वापरला तर ६८६ निघतात, ७६ मिलिमीटर अरुंद. म्हणजे HO जवळचं. पण मग दादांचा दिवा, तो वीतभर उंच होता, अडीच मिलिमीटरचा होईल. ज्वारीच्या दाण्याहून लहान. तो माझ्या बोटांना कसा जमायचा?

खडीवाला | दुपारी ४.५२

काकू, तुमचं उत्तर तुमच्या पलंगाखाली आहे!

१ ला ४८ स्केल घ्या. अमेरिकेत याला On30 म्हणतात. ७६२ ला ४८ नं भागा: १५.९. आणि HO चा रूळ १६.५ चा. म्हणजे नातवाच्या सेटचे रूळ हेच तुमचे नॅरोगेजचे रूळ, आणि त्याचं इंजिन वरचा सांगाडा बदलला की नॅरोगेजचं इंजिन. जगभर लोक असंच करतात. लहान स्केलचं तयार यंत्र खाली, मोठ्या स्केलचं घरी केलेलं अंग वर.

माणूस साडेतीन सेंटिमीटरचा होतो, हाताला लागतो, डोळ्याला दिसतो.

गार्डाची_लेक | संध्याकाळी ५.१०

१६.५ गुणिले ४८ म्हणजे ७९२. ३० मिलिमीटर रुंद. HO मध्ये चूक २१ ची होती, इथे ३० ची, फरक ९ मिलिमीटरचा. आणि त्या बदल्यात दिवा होतो साडेचार मिलिमीटरचा, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढा. ज्वारीचा दाणा मी अजून चिमटीत धरते. ठरलं.

चहाटपरी | संध्याकाळी ५.१३

पन्नास मिनिटांत स्केल ठरलं. मला तीन वर्षं लागली होती.

मिलिमीटर | संध्याकाळी ५.३०

हिशेब बरोबर आहे. पण एक लक्षात असू द्या, HO रुळाचे स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) १ ला ४८ ला फार बारीक आणि फार जवळजवळ दिसतील. तेवढंच ठेवलं तर कोणीही ओळखेल.

खडीवाला | संध्याकाळी ५.४१

दोन उपाय. एक तर एकाआड एक स्लीपर कापून काढायचे. दुसरं, रूळ मातीत बुडवायचा. माती चाळून पसरायची, ब्रशनं स्लीपरमध्ये लोटायची, मग फेविकॉल आणि पाणी अर्धंअर्धं, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, आणि ड्रॉपरनं सोडायचं. साबणाशिवाय पाण्याचे गोळे होतात आणि माती उचलली जाते. रुळाचा माथा ओला असतानाच पुसून घ्या, वाळल्यावर वीज पोचत नाही आणि इंजिन अडखळतं.

गार्डाची_लेक | संध्याकाळी ६.०५

मातीच होती तिथे! यार्डाच्या टोकाला खडी दिसायचीच नाही. रुळांमध्ये कुसळं, कोळशाची काळी भुकटी आणि पावसाळ्यानंतर आघाडा. म्हणजे स्लीपर लपवणं हे खोटं नाही, आठवणीबरहुकूम आहे.

घाटमाथा | रात्री ९.१७

थोडं अवांतर. मराठी माणसाला कुणी मॉडेलिंग नवीन म्हटलं की मला नवल वाटतं. दिवाळीचा किल्ला काय असतो? गोणपाटावर चिखल, आळीव नाहीतर मोहरी पेरून शेत, भुशाला हिरवा रंग देऊन गवत, आरशाच्या काचेचं तळं. मी आजही लेआउटवर (मांडलेल्या रेल्वेच्या देखाव्यावर) गवताला सुतारकामाचा भुसाच वापरतो, फक्त तो दोनदा चाळतो आणि तीन वेगळ्या हिरव्यांत रंगवतो. एकाच हिरव्यात रंगवला की टेबलावर गालिचा पसरल्यासारखं दिसतं.

माझा विषय बोरघाट आहे. खंडाळ्याजवळचं ते जुनं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडीला पुढेमागे होऊन दिशा बदलावी लागायची, १८६३ ते १९२९. आठ वर्षं झाली, अजून डोंगरच चाललाय.

कल्याण_लोकल | रात्री ९.३०

थर्माकोलचा डोंगर असेल तर एक सांगतो, डब्यातला रबरी गोंद लावू नका. मी लावला होता. सकाळी उठून बघतो तर थर्माकोल विरघळून माझ्या मॉडेलच्या पारसिक टेकडीत दरी. पांढरा फेविकॉलच. आणि सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तेव्हा टीव्ही-फ्रिजच्या पॅकिंगमधला जपून ठेवा.

नॅरोगेज_नागपूर | रात्री ९.४८

घाटाचा विषय निघाला की मला कर्जतचा वडा आठवतो. मागून ढकलणारं बँकर इंजिन लागेपर्यंत गाडी थांबणार, तेवढ्यात खिडकीतून वडा.

चहाटपरी | रात्री ९.५०

वड्याचं १ ला ४८ काढा कुणीतरी.

गार्डाची_लेक | रात्री १०.०२

सहा सेंटिमीटरचा धरला तर सव्वा मिलिमीटर. खसखशीचे दाणे हळदीत घोळवून बघा, थोडे लहान होतील पण टोपलीत शोभतील.

सांधेवाला | ५ जानेवारी, रात्री १२.२०

हा धागा दोनदा वाचला. झोप येत नाही म्हणून लिहितो.

ऑक्टोबरची ती भेट माझ्या घरी होती. खिडकीपाशी खुर्ची मीच ठेवली होती. नातवासाठी आलात का, हे कुणी विचारलं ते मला माहीत नाही, पण मीही विचारलं असतं. तुम्ही तीन तास प्रवास करून आल्यासारख्या दमलेल्या वाटलात, म्हणून तुम्हाला त्रास द्यायचा नाही असं मनाशी ठरवलं आणि तुमच्याशी बोललोच नाही. सगळा वेळ कंट्रोलर आणि डीकोडरबद्दल बडबडत होतो. तुमच्या हातात थ्रॉटल (गाडी चालवायचा हातातला कंट्रोलर) द्यावा हे एकदाही सुचलं नाही. माझ्या घरी पहिल्यांदा आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला मी पाच मिनिटांत गाडी चालवायला देतो.

काकू, माफ करा. घरात बार्शी लाइनच्या गार्डाची मुलगी बसली होती आणि मी तिला बिस्किटं विचारत होतो.

गार्डाची_लेक | ५ जानेवारी, सकाळी ७.३०

अरे, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. बिस्किटं चांगली होती आणि तुझ्या आईनं मला उतरताना जिन्यात हात दिला होता, ते माझ्या लक्षात आहे. मी तरी कुठे तोंड उघडलं? चौतीस वर्षं वर्गात "विचारा, विचारायला लाजू नका" म्हणत आले आणि स्वतः गप्प बसले.

एक विनंती मात्र आहे, सगळ्यांनाच. मला काकू, आजी म्हणालात तरी चालेल, पण "बाई" म्हणा. माझे विद्यार्थी म्हणायचे तसं. "आजी" म्हटलं की लोक खुर्ची देतात. "बाई" म्हटलं की प्रश्न विचारतात.

हिरवी_झेंडी | सकाळी ७.५२

बाई, 🙏

सांधेवाला | सकाळी ८.१५

मग बाई, प्रश्न विचारतोच. माझ्या लेआउटवर स्टेशन वळणावर आहे, त्रिज्या १८ इंच. ICF (जुन्या बनावटीचे) डबे कसेबसे जातात, LHB चे (नवे, जास्त लांब) डबे फलाटाला घासतात. फलाट किती मागे घ्यावा, हे मी चार वेळा कापून बघितलं. दर वेळी कुठेतरी घासतंच.

गार्डाची_लेक | सकाळी ११.४०

वहीत मांडून बघितलं. LHB डबा साधारण २३.५४ मीटर लांब, म्हणजे HO मध्ये २७ सेंटिमीटर. दोन बोगींच्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्यांच्या) मध्यांमधलं अंतर १४.९ मीटर धरलं तर १७१ मिलिमीटर. डबा हा वर्तुळाची जीवा समज. बोगी रुळावर राहतात, पण मधलं पोट आत सरकतं आणि टोकं बाहेर जातात. तुझी त्रिज्या ४५७ मिलिमीटर. पोट आत येईल ८ मिलिमीटर, टोकं बाहेर जातील जवळजवळ १२. शिवाय डब्याची अर्धी रुंदी आणि हलायला दोनेक मिलिमीटर जागा, ते वेगळं.

तू सगळीकडून सारखं कापत असशील. फलाट वळणाच्या आत असेल तर ८ चा हिशेब, बाहेर असेल तर १२ चा. कुठल्या बाजूला आहे?

त्रिज्या ३० इंच केलीस तर हेच आकडे ५ आणि ७ होतात.

सांधेवाला | सकाळी ११.४६

फलाट बाहेरच्या बाजूला आहे आणि मी चारही वेळा ८ च्या आसपास कापला होता. चार वेळा!

मिलिमीटर | दुपारी १२.१०

हे मी इथे दोन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, पण आकडे न मांडता. बाईंनी मांडलं तसं मांडायला हवं होतं.

बाई, माझ्या पहिल्या उत्तराबद्दल. रेखाचित्राशिवाय हात घालू नका म्हणालो, ते जरा जास्तच झालं. त्या ब्रेकव्हॅनचा एखादा फोटो आहे का घरी?

गार्डाची_लेक | दुपारी १२.३५

एकच आहे. १९६० च्या दशकातला, कडा वाळवीनं खाल्लेल्या. दादा गणवेशात डब्याच्या दाराशी उभे आहेत, फोटो जवळजवळ समोरून काढलेला. दादांची उंची पाच फूट चार इंच, ती त्यांच्या नोकरीच्या कागदावर आहे. मी पट्टी लावून त्रैराशिक मांडलं. दार, खिडकी, पायरी, छताची कड, सगळ्याची उंची निघते. लांबी मात्र निघत नाही, मागचा भाग फोटोत कापला गेलाय.

मिलिमीटर | दुपारी १२.५०

टोपी मोजलीत का? उंची कागदावर टोपीविना असते.

गार्डाची_लेक | दुपारी १.०५

टोपी मोजली होती! बरं झालं विचारलंत. पुन्हा करते.

मिलिमीटर | रात्री ८.४०

फोटो स्कॅन करून पाठवाल तर मी रेखाचित्र करून देतो. लांबी फळ्यांच्या रुंदीवरून आणि दिसणाऱ्या चाकांवरून अदमासे काढू, आणि नागपूरच्या डब्यांशी ताडून बघू. @नॅरोगेज_नागपूर, तुमची टेप तयार ठेवा.

नॅरोगेज_नागपूर | रात्री ८.५५

तयार आहे. रविवारी जातो.

मँचेस्टरकर | ६ जानेवारी, पहाटे ३.१०

पुण्यातली मंडळी, बाईंना अजून कुणी कोथरूडच्या संग्रहालयाबद्दल सांगितलं नाही? भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वेचं, १९९८ पासूनचं. मी शाळेत असताना ते बघितलं आणि तिथून हा छंद लागला. दिवे मालवून रात्रीचं शहर दाखवतात तेव्हा बारीक खिडक्यांत उजेड लागतो. कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी कमी असते.

गार्डाची_लेक | ६ जानेवारी, सकाळी ९.००

घरापासून वीस मिनिटांवर आहे आणि मी गेले नाही. उद्याच जाते, नातवाला घेऊन. नाही, आधी एकटी जाते.

गार्डाची_लेक | ३० मार्च, सायंकाळी ६.४५

धागा वर काढते आहे, कारण विचारलं होतं ते अर्धवट राहिलं होतं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन फेब्रुवारीत झालं, महिनाभर कामाला हात लावला नाही. आता पायाची पाटी तयार आहे, दोन फूट बाय एक फूट. मातीसाठी पुतण्यानं खरंच कुर्डुवाडीहून पिशवीभर माती आणली. ती तव्यावर भाजून घेतली, किडे नकोत म्हणून, मग पीठ चाळायच्या चाळणीतून चाळली. फेविकॉलचं पाणी पडल्यावर ती काळपट झाली, मला वाटलं बिघडलं. खडीवाल्यांना फोन केला, ते म्हणाले दोन दिवस थांबा. वाळली आणि तोच रंग परत आला.

डब्याचं अंग पुठ्ठ्याचं आहे. फळ्यांच्या रेघा शिवणाच्या बोथट सुईनं ओढल्या, पट्टीच्या कडेनं. हात कापतो तो रेघ सुरू करताना, एकदा ओढ लागली की सरळ जातो, म्हणून रेघ पट्टीच्या बाहेरून सुरू करते आणि जादाची टोकं नंतर कापते. हे कुणाच्या कामी आलं तर बघा. मिलिमीटर यांनी केलेलं रेखाचित्र आणि नागपूरहून आलेली मापं यांत दाराच्या उंचीला मॉडेलवर एक मिलिमीटरचाही फरक पडला नाही. ते पाहून मी दादांच्या फोटोपुढे थोडा वेळ बसले.

पेटी झाली. झेंड्या झाल्या, जुन्या साडीच्या काठातून दोन धागे हिरवे, दोन लाल काढून. दिवा तीनदा केला. पहिले दोन घरात कुठेतरी आहेत, केर काढताना सापडतील. तिसरा पितळी टाचणीच्या डोक्यावर बसवला आहे.

आता अडलं आहे ते इथे. गाडी फलाटावर उभी असताना दिव्याची कुठली काच पुढे असायची? माझ्या डोळ्यांपुढे हिरवी येते, पण ती गाडी सुटतानाची असणार. उभ्या गाडीशी, पेटीवर ठेवलेल्या दिव्याला पांढरी असेल का? रेल्वेतलं कुणी आहे का इथे?

कल्याण_लोकल | सायंकाळी ७.०२

माझे सासरे गार्ड होते, मध्य रेल्वे, मुंबई विभाग. आत्ता विचारून सांगतो.

कल्याण_लोकल | सायंकाळी ७.२५

ते म्हणतात, हिरवा आणि लाल हे खुणेचे, उगाच पेटीवर ठेवून द्यायचे नाहीत, ड्रायव्हरचा घोटाळा होईल. नुसता ठेवलेला असेल तर पांढरा, त्याच उजेडात ते डायरी लिहायचे. त्यांनी विचारलंय की बाईंच्या डब्यात डायरी आहे का. आणि त्यांना तो डबा बघायचाय. वय ७९, चालतात व्यवस्थित.

गार्डाची_लेक | सायंकाळी ७.३१

डायरी विसरले होते! दादा गुडघ्यावर ठेवून लिहायचे. आजच करते. त्यांना नमस्कार सांगा, आणि अवश्य आणा.

सांधेवाला | सायंकाळी ७.५०

मग माझ्याकडेच भेटू या. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता. बाई, पाटी घेऊन या, मी गाडी घेऊन न्यायला येतो, रिक्षात हिसके बसतील. टेबल खिडकीपाशी हलवलंय, उजेड डावीकडून येईल असं. काकांना दोन जिने चढावे लागतील, आधी सांगून ठेवा, मधल्या मजल्यावर स्टूल ठेवतो. फलाट १३ मिलिमीटर मागे घेतलाय, LHB सुटून जातात. थ्रॉटल चार्ज करून ठेवतो.

चहाटपरी | सायंकाळी ७.५३

मी वडे आणतो. खरे.